साहेबांचा शब्द, कच्ची पावती आणि कायदा

मार्च महिना आला की आपल्याकडं दोन गर्द्या हमखास दिसतात. एक दहावीच्या परीक्षा केंद्राबाहेरची, दुसरी घरपट्टी-नळपट्टीच्या वसुली पथकाभोवतीची. पथक दारात उभं राहतं, नळ तोडायची किंवा दुकानाला सील ठोकायची भाषा सुरू होते, आणि मग पुढचा संवाद ठरलेला असतो.

"साहेब, एवढे कुठून आणू? काहीतरी मधला मार्ग काढा."

"बरं, आत्ता एवढे भरा. बाकीचं बघून घेऊ."

हे 'बघून घेऊ' मी वीस वर्षं ऐकतोय. नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर ऐकलं, तहसीलच्या व्हरांड्यात ऐकलं, आडत दुकानात गादीवर बसलेल्या शेठच्या तोंडून ऐकलं. परवा एका ओळखीच्या माणसानं सरळच विचारलं, "भाऊ, तुम्ही पेपरवाले. सांगा बरं, साहेबानं तोंडी मिटवलेला टॅक्स कायद्यानं मिटतो का?"

थोडक्यात उत्तर: बहुतेक वेळा नाही. पण एवढ्यावर थांबलं तर ते अर्धंच उत्तर होईल. काही वेळा सरकारनं दिलेला शब्द न्यायालयानं सरकारला पाळायला लावलाय, आणि त्यातला एक गाजलेला खटला तर महाराष्ट्रातल्या नगरपरिषदेचाच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या नावावर घर आहे किंवा दुकानाची पाटी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

आधी ज्यांनी प्रश्न विचारला त्यांचीच गोष्ट. नाव-गाव देत नाही, हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. घरपट्टीची थकबाकी ६२ हजार, त्यातले २१ हजार शास्तीचे. वसुलीला आलेल्या माणसानं सांगितलं, "बप्पा, ४० हजार देऊन टाका, शास्ती निल करून देतो, विषय संपला." यांनी उसनेपासने करून ४० हजार दिले. पावती मिळाली २५ हजारांची. "उरलेली पावती साहेबांची सही झाली की देतो." पुढं साहेबांची बदली झाली आणि वसुलीवाला दुसऱ्या विभागात गेला. दोन वर्षांनी नवं बिल आलं. त्यात जुनी बाकी ३७ हजार, त्यावरची शास्ती आणि वर दोन वर्षांची नवी आकारणी. यांनी ऑफिसात जाऊन सांगितलं की आमचं तर मिटलं होतं. खिडकीवरच्या पोरानं रजिस्टर पुढं केलं. "काका, इथं तर २५ हजारच जमा दिसतेत."

६२ मधून २५ गेले, राहिले ३७. रजिस्टरचा हिशेब बरोबर होता. जे १५ हजार रजिस्टरला कधी दिसलेच नाहीत, ते कुणाच्या खिशात गेले हे सांगायला कुणी शहाणा लागत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. भारताच्या राज्यघटनेतलं २६५ वं कलम अगदी लहान आहे. कायद्याचा अधिकार असल्याशिवाय कोणताही कर लावता येत नाही आणि वसूलही करता येत नाही, एवढंच ते सांगतं. आपण हे कलम नेहमी एकाच बाजूनं वाचतो, की सरकारला मनमानी कर घेता येत नाही. पण त्याची दुसरी बाजूही आहे. कर कायद्यानं ठरत असेल तर तो माफसुद्धा कायद्यानंच होतो. कर हा साहेबाच्या घरचा पैसा नाही, म्हणून तो सोडायचा हक्कही साहेबाचा नाही. त्याला वसूल करायला नेमलंय. सूट द्यायची तर ती कायद्यात लिहिलेल्या वाटेनं, ज्याला अधिकार दिलाय त्याच्या सहीनं किंवा सभेच्या मंजुरीनंच.

याचा चांगला दाखला आपल्या घरपट्टीतच आहे. नगरपरिषदांच्या थकीत मालमत्ता करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. ही शास्ती लोकांना डोईजड झाली, अनेक ठिकाणी मूळ करापेक्षा शास्ती मोठी दिसायला लागली. तेव्हा २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं शास्ती अंशतः माफ करण्यासाठी अभय योजना आणायचं ठरवलं, आणि त्यासाठी १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात दुरुस्ती करायचा निर्णय घ्यावा लागला. म्हणजे बघा, जी शास्ती सोडायला मंत्रिमंडळाला कायदा बदलावा लागतो, ती वसुलीवाला दुकानाच्या ओट्यावर चहा पिता पिता 'निल' कशी करील?

इथं आपल्या जिल्ह्याची एक सवय आड येते. आपल्याकडं शब्दाला किंमत आहे. ऊसतोडीच्या टोळीची उचल ठरते ती शब्दावर. दसऱ्याच्या आसपास गाड्या कारखान्याकडं निघतात, त्यामागं लाखोंचे व्यवहार मुकादमाच्या आणि मजुराच्या तोंडी बोलण्यावर उभे असतात. त्यात फसवणूक होत नाही असं नाही, भरपूर होते. पण दोन खाजगी माणसांतला तोंडी करारसुद्धा १८७२ च्या करार कायद्यानं करार ठरू शकतो. साक्षीदार आणा, सिद्ध करा, कोर्ट ऐकून घेतं.

सरकारचं तसं नाही. घटनेचं २९९ वं कलम सांगतं की केंद्र किंवा राज्य सरकारचा करार राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावानं, अधिकार दिलेल्या माणसानं आणि ठरलेल्या रीतीनंच झाला पाहिजे. नगरपरिषदेच्या कायद्यातही करार कसा करायचा याची रीत घालून दिलीय. मुकादमाशी बोलायची जी सवय, तीच घेऊन आपण साहेबापुढं उभं राहतो. मुकादम स्वतःच्या नावानं बोलतो. साहेब कुणाच्या तरी वतीनं बोलतो, आणि त्या 'कुणाच्या तरी'नं त्याला तेवढं बोलायचा अधिकार दिलाय का, हे आपण विचारत नाही.

मग सरकारी माणसानं काहीही बोलावं आणि उद्या हात झटकावेत, असं आहे का? तेही नाही.

उल्हासनगरचा खटला बघा. तिथल्या औद्योगिक पट्ट्यात जकात नव्हती, म्हणून कारखाने आले. पुढं सरकारनं नगरपालिका केली आणि हा पट्टा तिच्या हद्दीत घातला. कारखानदारांनी तक्रार केली, सरकारनं पट्टा हद्दीबाहेर काढायचं ठरवलं. तेव्हा नगरपालिकेनं विनवणी केली की पट्टा आमच्याकडंच राहू द्या, आम्ही आहे त्या कारखान्यांना सात वर्षं जकात माफ करतो. सरकारनं ते मानलं आणि पट्टा हद्दीत ठेवला. सेंच्युरी मिलनं त्या शब्दावर विसंबून कामाचा पसारा वाढवला. नंतर १९६५ चा नगरपरिषद कायदा आला, जुन्या पालिकेच्या जागी नवी नगरपरिषद बसली आणि तिनं सांगितलं, जकात भरा. मुंबई उच्च न्यायालयानं कंपनीचा अर्ज सुरुवातीलाच फेटाळला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. १९७० साली सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला, प्रकरण नीट ऐका म्हणून परत पाठवलं आणि सांगितलं की सार्वजनिक संस्थेनं वचन दिलं आणि त्यावर विसंबून समोरच्यानं आपली स्थिती बदलली, तर वचन पाळायची बांधिलकी त्या संस्थेवरही खाजगी माणसाइतकीच असते. मनाला येईल तेव्हा वचन मोडायची सूट तिला नाही.

लक्षात घ्या, ज्या कायद्याखाली त्या नगरपरिषदेनं जकात मागितली, त्याच १९६५ च्या कायद्याखाली आज बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, धारूर या सहा नगरपरिषदा आणि केज, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी या पाच नगरपंचायती चालतात. म्हणजे हा निकाल आपल्यापासून लांबचा नाही.

त्याआधीचं, १९५१ चं मुंबईचं प्रकरण आणखी मजेशीर आहे. १८६५ साली मुंबई सरकारनं पालिकेला जुन्या मंडया हलवायला सांगितल्या, बदल्यात दुसरी जागा दिली आणि ठरावात लिहिलं की मंडई लोकांच्या उपयोगाची आहे, म्हणून भाडं घेऊ नये. पालिकेनं जुन्या जागा सोडल्या, नव्या जागेवर १७ लाख खर्च केले. पण जमीन द्यायचा कागद कायद्याच्या रीतीनं झालाच नव्हता. पंचाहत्तर वर्षांनी, १९४० मध्ये, कलेक्टरांनी त्या जागेवर सारा लावला. सर्वोच्च न्यायालयात बहुमतानं निकाल पालिकेच्या बाजूनं गेला. कागद कच्चा होता हे न्यायालयानं मानलं, पण ठरावावर विसंबून सत्तर वर्षांच्या वर कब्जा ठेवल्यानं पालिकेला जागेबरोबर भाडेमाफीचाही हक्क मिळाला, असं धरलं. तरीही एका न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं. पालिकेसारख्या संस्थेला, सरकारी ठराव हातात असताना, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि तिथंही एकमत झालं नाही. आपल्या हार्डवेअरवाल्या बप्पांकडं तर ठरावही नव्हता.

तिसरं प्रकरण कानपूरचं, मोतीलाल पदमपत शुगर मिल्सचं. वनस्पती तुपाचा कारखाना काढणाऱ्यांना विक्रीकर माफ करू, असं १९६९ मध्ये उत्तर प्रदेश सरकारच्या मुख्य सचिवांनी लेखी कळवलं. कारखाना उभा राहिल्यावर सरकार फिरलं. डिसेंबर १९७८ मध्ये न्यायमूर्ती भगवतींच्या पीठानं निकाल दिला की सरकारला शब्द पाळावा लागेल. पण त्यातली गोम समजून घ्या. त्या करात सूट द्यायचा अधिकार कायद्यानंच सरकारला दिलेला होता. त्याच निकालात न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की कायद्यानं ज्याला मनाई आहे ते करायला दिलेलं वचन सरकारला बांधत नाही.

या तिन्ही प्रकरणांतून साध्या माणसासाठी काय निघतं? सरकारचा शब्द कोर्टात उभा राहायचा असेल तर चार गोष्टी लागतात. शब्द देणाऱ्याला तो द्यायचा अधिकार हवा. शब्द स्पष्ट हवा आणि तो सिद्ध करता यायला हवा, म्हणजे व्यवहारात कागद हवा. त्यावर विसंबून तुम्ही काहीतरी केलेलं हवं, पैसा घातला असेल, जागा सोडली असेल. आणि तो शब्द कायद्याच्या विरुद्ध नको. 'बघून घेऊ' यातल्या एकाही कसोटीला उतरत नाही.

आणि कागद झाला म्हणजे सगळं झालं असंही नाही. बशेशर नाथ यांचा खटला त्यासाठी वाचण्यासारखा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास आयकर चुकवणाऱ्यांच्या चौकशीसाठी १९४७ च्या कायद्यानं आयोग नेमला होता. बशेशर नाथ यांनी त्या आयोगापुढं रीतसर तडजोड केली, साडेतीन लाख हप्त्यानं भरायचं मान्य केलं. पुढं त्या कायद्यातली ज्या कलमांवर चौकशी उभी होती, तीच घटनाबाह्य ठरली. खातं म्हणालं, कलम गेलं तरी तुम्ही राजीखुशीनं सही केलीय, हप्ते भरा. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नाही. समानतेचा मूलभूत हक्क माणसानं सही करून सोडून दिला असं धरता येत नाही, आणि पाया गेला की त्यावरची तडजोडही जाते. म्हणजे सरकारशी केलेल्या तडजोडीचा जीव सहीत नसतो, तिच्यामागच्या कायद्यात असतो.

आता उलट्या बाजूची तडजोड. माफीची नाही, जास्तीची. ही छोट्या व्यापाऱ्यांना जास्त भोवते.

जिल्ह्यातल्याच एका व्यापाऱ्यानं मला सांगितलेलं. एका कर खात्याचं पथक दुपारी दुकानात शिरलं, रात्री अकरा वाजले तरी उठेना. हिशेबाच्या वह्या, मोबाईल, सगळं टेबलावर. शेवटी प्रस्ताव आला, "एवढ्याचे चेक द्या, मान्य आहे म्हणून लिहून द्या, आम्ही निघतो. नाहीतर उद्या अटकेपर्यंत जाईल." घरातली म्हातारी माणसं घाबरलेली, पोरगी रडतेय. त्यानं लिहून दिलं. सकाळी सीएनं विचारलं, "शेठ, हिशेब कोणत्या कलमाखाली केला?" त्याला कलम माहीत नव्हतं, आकडा तेवढा माहीत होता.

अशा रात्रीच्या 'राजीखुशी'बद्दल सरकारचेच आदेश आहेत. आयकराच्या केंद्रीय मंडळानं १० मार्च २००३ रोजी अधिकाऱ्यांना सांगितलं की धाडीत कबुलीजबाब काढायच्या मागं लागू नका, पुरावे गोळा करा. जीएसटीत २५ मे २०२२ रोजी केंद्रीय मंडळाच्या तपास शाखेनं सूचना काढली की झडती चालू असताना वसुली करायची गरज पडू नये. व्यापाऱ्याला आपणहून भरायचं तर तो डीआरसी-०३ या फॉर्मनं ऑनलाइन भरू शकतो, पण जबरदस्ती नको. २७ फेब्रुवारी २०२५ ला राधिका अगरवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की अटकेची भीती घालून कर भरून घेता येणार नाही, आणि तसं झालं असेल तर माणूस परताव्यासाठी कोर्टात जाऊ शकतो.

आपणहून भरायची सोय कायद्यात आहेच, ती वाईट नाही. कर खरोखर चुकला असेल तर नोटीस यायच्या आधी व्याजासकट भरलेलं बरं, दंड कमी लागतो किंवा लागतच नाही. पण ते शांत डोक्यानं, हिशेब मांडून, पोर्टलवरून. भीतीनं फाडलेल्या चेकला तडजोड म्हणत नाहीत.

आणि तिसरा प्रकार, ज्याला आपण सरळ तोडपाणी म्हणतो. ६२ हजारांचं ४० वर मिटवायचं, त्यातले २५ सरकारला आणि १५ खिशात. इथं 'बंधनकारक आहे का' हा प्रश्नच चुकीचा आहे. हा करार नाही, हा गुन्हा आहे. बेकायदा उद्देशाचा करार करार कायद्यानंच रद्दबातल ठरतो. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो. सुटकेची वाट एवढीच की लाच द्यायला भाग पाडलं असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवायचं. आधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवून सापळा लावला असेल तर प्रश्नच नाही. पंधरा हजार देऊन दोन वर्षं गप्प बसलेल्या माणसाच्या हातात कायद्यानं फार काही ठेवलेलं नाही. हे कडू आहे, पण खरं आहे.

आता मला माहितीय, तुमच्यातले बरेच जण म्हणतील, "भाऊ, हे कायदे तुमच्यापाशी ठेवा. दोन हजाराच्या भांडणासाठी वकील लावायचा का? साहेबाशी बोलून मिटतं ते बरं." यात तथ्य आहे. दुकान बंद ठेवून चार हेलपाटे घालायचे तर तेवढ्यात तोडपाण्याचे पैसे जातात. काही अधिकारी तर खरंच मदतीच्या भावनेनं बोलतात, हेही मी पाहिलंय. पण मदत करायची आहे त्याला लिहून द्यायला काय हरकत आहे? निदान रीतसर अर्जाची वाट दाखवायला? 'लिहून देत नाही, पण शब्द देतो' याचा अर्थ त्याला स्वतःलाच माहितीय की हा शब्द उद्या लेखापरीक्षणात टिकणार नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा माणूस येतो, कमी वसुलीवर आक्षेप काढतो, रक्कम वसूलपात्र म्हणून लिहितो. तेव्हा शब्द देणारा दुसऱ्या जिल्ह्यात असतो आणि बिल तुमच्या दारात येतं.

आणि मिटवायच्या कायदेशीर वाटा खरोखर आहेत. माहीत नसतात एवढंच.

सगळ्यात सोपी म्हणजे लोकअदालत. राष्ट्रीय लोकअदालतीत ग्रामपंचायती आणि नगरपरिषदा घरपट्टी-पाणीपट्टीची प्रकरणं दाखलपूर्व म्हणून ठेवतात. त्याची नोटीस आली की लोक घाबरतात, कोर्टाचं लचांड नको म्हणून जात नाहीत. उलट तिथंच जायला पाहिजे. नियमात जी सूट बसते ती तिथं मागता येते, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणं लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची किंमत आहे. तो दोन्ही बाजूंना बांधतो, त्यावर अपील नाही. साहेबाची बदली झाली तरी तो निवाडा तसाच राहतो.

दुसरी वाट अभय योजनांची. जीएसटीच्या आधीच्या थकबाकीसाठी २०२३ मध्ये राज्यानं कायदाच केला. वर्षाची २ लाखांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ, ५० लाखांपर्यंतच्या थकबाकीत २० टक्के भरले की बाकी माफ. आयकरात 'विवाद से विश्वास' आली, २०२० मध्ये एकदा आणि २०२४ मध्ये पुन्हा. जुन्या काळी ओसाड पडलेलं गाव पुन्हा वसवायचं असलं की सरकार रयतेला कौल द्यायचं. पहिल्या वर्षी इतका सारा, दुसऱ्या वर्षी इतका, असं लिहून. त्या कागदांत 'अभय' हा शब्दही असायचा. म्हणजे करात सूट लिहूनच द्यायची असते, हे तेव्हाच्या पाटलालाही कळत होतं.

तिसरी वाट हप्त्याची. जीएसटीत कलम ८० खाली आयुक्तांकडं अर्ज करून जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मागता येतात. मात्र स्वतःच विवरणपत्रात दाखवलेल्या कराला ही सवलत नाही. चौथी, कर लागतो की नाही अशी शंका असेल तर आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडून लेखी उत्तर घ्यायचं. ते अर्जदारावर आणि त्याच्या अधिकाऱ्यावरही बंधनकारक असतं. एकट्या साहेबाच्या मतापेक्षा खात्याच्या परिपत्रकालाही मोठा मान आहे. आयकर मंडळाचं परिपत्रक खात्याच्या अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे, हे नवनीतलाल जव्हेरी या मुंबईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्येच सांगून ठेवलंय.

या सगळ्याला वकील लागतोच असं नाही. रोजच्या व्यवहारात एवढं पाळा:

सूट, हप्ता, चुकीची आकारणी, काहीही असो, अर्ज लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. आवक नंबर नसलेला अर्ज म्हणजे नुसता कागद.

जेवढे पैसे दिले तेवढ्याची पावती त्याच क्षणी घ्या. ग्रामपंचायतीत कराची पावती नमुना १० ची असते. मागणी नमुना ९ मध्ये दिसते, आकारणी नमुना ८ मध्ये. पावती आणि रजिस्टर जुळतंय का ते बघा. डायरीतली नोंद, व्हिजिटिंग कार्डामागचा आकडा, 'साहेब येऊन सही करतील', यातलं काहीही पावती नाही. जमेल तिथं ऑनलाइनच भरा.

मिटलं असं कुणी म्हणालं तर बेबाकीचा दाखला मागा. बाकी काही राहिली नाही, हे ऑफिसनं लिहून दिलं तरच मिटलं. दाखला द्यायला टाळाटाळ झाली तर समजा की मिटलेलं नाही.

आयकर किंवा केंद्रीय जीएसटीची नोटीस आली तर तिच्यावर डीआयएन किंवा पोर्टलचा संदर्भ क्रमांक आहे का ते तपासा, आणि पोर्टलवर टाकून बघा.

मला यात खरी चीड कशाची येते ते सांगतो. तोंडी तडजोडीचा तोटा फक्त ती करणाऱ्याला होत नाही. गल्लीत दहा घरं असतील, त्यातल्या सात जणांनी पट्टी वेळेवर भरलेली असते. कुणी पेन्शनीतून भरते, कुणी शिलाईच्या पैशातून भरते. ज्याचं ऑफिसात वजन आहे त्याचं अर्ध्यावर मिटतं, ज्याचं नाही त्याचा नळ तुटतो. कर कायद्यानंच ठरावा असा आग्रह घटनेनं धरला तो याच्यासाठी, की वजनावर कर ठरू नये. तोंडी माफी बंधनकारक मानायची ठरवली तर उद्या कुणाची माफी पहिल्यांदा बंधनकारक ठरेल? बप्पांची नाही, एवढं नक्की.

म्हणून मागणी एकच आहे आणि तिला खर्च नाही. जिल्ह्यातल्या अकराही नगरपरिषदा-नगरपंचायतींनी आणि प्रत्येक ग्रामपंचायतीनं वसुलीच्या खिडकीशेजारी एक फलक लावावा. शास्तीचा दर किती, सध्या कोणती सवलत चालू आहे आणि ती कुणाच्या आदेशानं, पुढची लोकअदालत कधी, आणि 'पावतीशिवाय पैसे देऊ नयेत' हे मोठ्या अक्षरात. पथक दारात येईल तेव्हा त्यांच्या हातातही हाच कागद असावा. मुख्याधिकारी साहेबांना आणि गटविकास अधिकाऱ्यांना या पोस्टची प्रत उद्या सकाळी देतोय. अर्थातच, आवक नंबर घेऊन.